उघडी गाठ

एक पान यायला तीन आठवडे लागतात. अळूला लागत नाहीत, केळीला लागत नाहीत, या बेट्याला लागतात. धाकट्या सुनेने आठ महिन्यांत या एका गोष्टीवरून जेवढा जीव जाळून घेतला, तेवढा तिने घर बांधतानाही जाळला नव्हता.

घरामागे दोन खळ्यांएवढा खोलगट तुकडा होता. तिथे पाणी साचायचं म्हणून पीक यायचं नाही, आणि पीक यायचं नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. तिने तो मागून घेतला. सिमेंटच्या सहा उथळ टाक्या बांधल्या, वर हिरवी जाळी ताणली आणि शहरातल्या काचवाल्याकडून पाणझाडाचे तीनशे तुकडे आणले. काचवाला काचेच्या टाक्या, मासे आणि माशांच्या सोबतीला ठेवायची झाडं विकायचा. हे झाड उष्ण मुलखातल्या ओढ्यांमध्ये दगडांना धरून वाढतं, असं त्याने सांगितलं होतं. त्याच्या तोंडी त्याचं नाव अनुबियास. ते सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याचं जाडपान झालं.

बोली सरळ होती. तुकडे काचवाल्याचे, मेहनत तिची. उन्हाळा सरताना दोनशे भरलेली झाडं त्याची, उरलेली तिची. माल पसंत पडला तर पुढे त्याच्या दुकानाला लागणारी सगळी पाणझाडं तिच्याकडूनच जायची. आणि नाही पडला, तर थोरला दीर टपून बसलेलाच होता. त्याला आपलं मळणीयंत्र उभं करायला हाच तुकडा हवा होता. काचवाल्याने माल उचलला तर जागा तिची, नाहीतर पावसाच्या आधी मुरूम टाकून सपाट करणार, असं त्याने आबांसमोर ठरवून घेतलं होतं. आबा तेव्हा "हं" म्हणाले होते. जमीन आबांच्या नावावर होती, पण हल्ली ते थोरल्याच्या प्रत्येक बोलण्याला "हं"च म्हणायचे.

सकाळी ऊन वर यायच्या आत ती साडी खोचून जाळीखाली शिरायची आणि ओल्या फडक्याने पानं पुसायला बसायची. एकेक पान, वरून आणि खालून. उजेड जरा जास्त झाला की पानांवर काळपट शेवाळ धरायचं, आणि शेवाळ धरलेलं पान काचवाला हातात घेत नसे. पुसून झालं की गोगलगाई वेचायच्या. संध्याकाळी काकडीची फोड पाण्यात टाकून ठेवायची, सकाळी तिच्यावर गोगलगाई जमलेल्या असायच्या, ती फोड उचलून फेकायची. मग विहिरीतून पाणी आणून टाक्यांमधलं जुनं पाणी बदलायचं. यंदा पाऱ्याने ताळतंत्र सोडलं होतं. दुपारी टाकीतलं पाणी हाताला कोमट लागायचं, म्हणून जाळीवर गोणपाट टाकून ते दर तासाने भिजवावं लागायचं. विहिरीचं पाणी रोज एक बोट खाली जात होतं.

थोरला दीर तिच्याशी सरळ कधी बोलत नसे. तो ओट्यावर बसलेल्या आबांशी बोलायचा, पण आवाज जाळीपर्यंत येईल एवढा ठेवायचा.

"आबा, काही लोक झाडांना आंघोळ घालतात म्हणे."

"हं."

"आता पावडर लावायचीच बाकी राहिली असेल."

लेकी बोले सुने लागे, हे तिला कळत होतं. तीही मग झाडाकडेच बघून बोलायची, "काय रे जाडपाना, ऐकलंस का? काही लोकांचं यंत्र वर्षातले अकरा महिने झोपा काढतं. त्याला आता झोपायला वेगळी जागा हवी."

आबांच्या मिशीखाली हसू यायचं. थोरला चपला वाजवत निघून जायचा. पण अशा उत्तरांनी पोट भरतं, जागा वाचत नाही. तिचा नवरा मालाची गाडी चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. फोनवर "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकायलासुद्धा तो तयार नव्हता.

आबांचं म्हणणं वेगळंच होतं. उभा जन्म त्यांनी हळद पिकवली होती. त्यांच्या हळदीचे गड्डे बघायला लोक दुसऱ्या गावांहून यायचे. जाडपानाचं आडवं खोड दिसायला अगदी हळदीच्या हळकुंडासारखं, तसंच पेरंपेरं. खाली मुळं, वर पानं आणि मध्ये ही गाठ उघडी. चार टाक्यांमध्ये मुळं बारीक खडीत रोवलेली होती आणि गाठ खडीवर आडवी पडलेली. उरलेल्या दोन टाक्यांमध्ये तिने झाडं सुती दोऱ्याने दगडांना बांधली होती. उघड्या गाठी बघून आबांच्या पोटात तुटायचं.

"पोरी, गाठ उघडी ठेवली की हिरवी पडते, वाया जाते. दोन वेळा भर लावायची असते मातीची."

"आबा, ही हळद नाही. याची गाठ पुरली की कुजते. काचवाल्याने पहिल्या दिवशी शंभरदा बजावलंय."

"काचवाल्याने किती वर्षं शेती केली?"

"अहो, त्याला याचंच कळतं ना."

"गाठ म्हणजे गाठ," आबा म्हणायचे. "देवाने दिली ती मातीत घालायला."

हे पालथ्या घड्यावर पाणी होतं. पण आबांवर चिडणं तिला जमायचं नाही. ती या घरात आली तेव्हा तिला कोळपं धरायला त्यांनी शिकवलं होतं, आणि तिचे वाफे वाकडे गेले तेव्हा थोरल्याच्या हसण्यावर "पाणी वाकड्या वाफ्यातूनही जातं" असं तेच म्हणाले होते.

मग तिच्या हातांनी दगा दिला. आठ महिने दिवसभर पाण्यात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी आधी पांढरी पडली, मग फाटली, मग तिथून पू यायला लागला. तरी ती पदर गुंडाळून पानं पुसत राहिली. शेवटी उजव्या हाताची मूठ वळेना, तेव्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात बघितले आणि तिच्याकडे असं बघितलं की तिलाच अपराध्यासारखं वाटलं.

"पाण्यात काय करता?"

"झाडं लावते."

"पाण्यात?"

"हो."

"आता तीन आठवडे लावू नका. थेंबसुद्धा लागता कामा नये. नाहीतर बोट जाईल."

दोन्ही हातांना मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्या बांधून ती घरी आली. हात असून नसल्यासारखे. वेणी घालता येईना, दाराची कडी काढता येईना, दोन बोटांत चमचा धरून कसंबसं जेवायचं. जेवण शेजारच्या चुलीवरून थोरल्या जावेकडून यायचं आणि जेवणाबरोबर वाढून टोमणेही यायचे. "पानं पुसून हात झिजले म्हणे बाईचे. आमचे भांडी घासूनसुद्धा शाबूत आहेत." आयतं खाणाऱ्याने ऐकून घ्यायचं असतं. ती ऐकून घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि जाळीखाली शिरले.

"तू सावलीत बस. सांग काय करायचं ते."

ती कठड्यावर बसून सांगत राहिली. पान असं धरा, तसं नाही. खालूनही पुसा. पाणी गाठीच्या खालीच राहू द्या. आबांचे हात पंच्याहत्तर वर्षांचे, पण काम बघत राहावं असं. गोगलगाय तर ते दोन बोटांच्या चिमटीत अशी उचलायचे की पाण्यावर लहरसुद्धा उठायची नाही. चार दिवसांनी ते म्हणाले, "आता ऊन लावून घेऊ नकोस. मला सगळं समजलंय." तिला ताप होता, अंग मोडून आलं होतं. ती घरात जाऊन पडली, आणि पडल्या पडल्या तिला पहिल्यांदाच या घरात कोणीतरी आपल्या बाजूने आहे असं वाटलं.

आठवड्याभराने ती टाक्यांपाशी आली तेव्हा झाडं हिरवीगार होती. नवी पानं उलगडत होती, जुनी एवढी दाट झाली होती की खालची खडी दिसत नव्हती. पट्ट्या बांधलेल्या हातांनी पानं बाजूला सारून बघणं शक्य नव्हतं. पाणी जरा गढूळ वाटलं.

"आत्ताच बदललंय," आबा म्हणाले. "खाली बसेल."

"आबा, तुमच्या हाताला येतं हो. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

आबा दिवसभर खुशीत होते. खरं म्हणजे ती पानं तिच्याच हाताखाली निघालेली होती. तीन आठवड्यांचं पान आठ दिवसांत येत नाही. एवढं तिला कळायला हवं होतं, पण माणसाला बरं वाटत असलं की हिशेब सुचत नाही.

पट्ट्या सुटल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी काचवाला आला. दुचाकीच्या मागे थर्माकोलची खोकी बांधलेली, आत ओले कागद. तो येणार हे थोरल्याला कुठून कळलं कोण जाणे, तोही हात मागे बांधून येऊन उभा राहिला. आबा ओट्यावरून उठून आले.

काचवाल्याने लांबूनच मान डोलावली. "वा ताई, पानं तर मस्त आहेत."

तिच्या छातीत एकदम मोकळं झालं. तिने चोरून थोरल्याकडे बघितलं. तो जाळीकडे बघत होता.

काचवाला पहिल्या टाकीशी उकिडवा बसला. त्याने एका झाडाची पानं गोळा करून हलकेच वर ओढली. पानं हातात आली. नुसती पानं. देठांची टोकं तपकिरी होऊन चिकट झाली होती. त्याने ती नाकाशी नेली आणि चेहरा वाकडा केला. मग दुसरं झाड ओढलं, मग तिसरं. कुजल्याचा वास तिच्यापर्यंत आला. त्याने पाण्यात बोट घालून खाली चाचपलं आणि हात वर काढला तेव्हा बोटाला काळी, मऊ, चाळलेली माती लागलेली होती. जुन्या शेणखतात कालवलेली, हळदीच्या वाफ्याला घालतात तशी.

ती माती तिने ओळखली. तशी माती घरात एकच माणूस कालवायचा.

काचवाला एकेक करून चारही टाक्यांमधून फिरला. प्रत्येक गाठीवर भर होती, नीट, दोन बोटं उंच, हाताने थापून गोल केलेली. सुबक काम होतं. दगडांना बांधलेल्या झाडांच्या दोन टाक्या तेवढ्या वाचल्या होत्या, कारण दगडाला भर कोण लावणार.

"माती कोणी घातली?" काचवाल्याने विचारलं.

तिने आबांकडे बघितलं. आबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांचा खालचा ओठ किंचित हलत होता. परक्या माणसापुढे, थोरल्या मुलापुढे, आणि तेही नाव कमावलेला हळदवाला. तिला ते बघवेना.

"मी," ती म्हणाली.

"ताई, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"गाठ पुरायची नाही."

"मग?"

"चुकलं."

"चुकलं कसं? एकच तर गोष्ट सांगितली होती. बाकी सगळं या झाडाला चालतं. कमी उजेड चालतो, कमी खत चालतं. माणूस विसरला तरी चालतं. फक्त गाठ झाकायची नाही." तो ओरडत नव्हता, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "लहान पोराला सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं."

तिची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या तापल्या. आता आबा बोलतील, असं तिला वाटलं. एक शब्द पुरे होता. तिने वाट बघितली. आबांनी खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा अंगठ्याकडे बघितलं.

काचवाल्याने दगडांवरची झाडं तपासली. प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून बघितली, कडक लागली ती घेतली. ऐंशी निघाली. ओल्या कागदात गुंडाळून खोक्यात भरत तो म्हणाला, "माझी दोनशे ठरली होती. बाकीचं राहू द्या. मी दुसरीकडे बघतो."

"पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, ताई." तो गेला.

थोरला आबांकडे वळला. "आबा, उद्या सकाळी मुरूम येईल. तुमचं काही म्हणणं?"

"हं," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी ती आणि आबा दोघंही जेवली नाहीत. ती आबांशी एक शब्द बोलली नाही. तिला राग आबांचा येत होता, त्याहून जास्त स्वतःचा. कोणी सांगितलं होतं ओढवून घ्यायला? मोठेपणा करायला गेली आणि हसं झालं. तिच्या आठ महिन्यांवर तिनेच आपल्या तोंडाने पाणी सोडलं होतं.

सकाळी उजाडताच ती ब्लेड आणि एक घमेलं घेऊन टाकीत उतरली. हातांची कातडी अजून कोवळी होती, पाणी लागताच चरचरलं. चिखलातून एकेक गाठ शोधून काढायची, धुवायची आणि कापायची. मऊ भाग कापत जायचं, आतून कडक, फिकट हिरवं लागेपर्यंत. काही पूर्ण कुजल्या होत्या, बोटांमधून जेलीसारख्या निसटायच्या. काहींचा पेराएवढा तुकडा हाती लागायचा, त्यावर पान असलं तर असलं. दुसऱ्या टाकीपर्यंत पोचली तेव्हा घमेल्यात मूठभर तुकडे जमले होते.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. थोरला पुढे चालत होता.

"बाजूला व्हायला सांगा, आबा."

आबा ओट्यावर बसले होते. ती आपणच घमेलं उचलून बाजूला झाली. ट्रॉली उचलली गेली आणि तांबडा मुरूम पहिल्या टाकीत घसरला. कडेवरून पाणी उसळून तिच्या पायांवर आलं. जाळीचा एक खांब मोडला. ट्रॅक्टर परत गेला, दुसरी खेप घेऊन आला आणि दुसरी टाकी भरली. ती उभी राहून बघत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

तिसरी खेप येऊन उभी राहिली तेव्हा आबा उठले. काठी न घेता उठले आणि तोल सावरत तिसऱ्या टाकीच्या कठड्यापाशी आले.

"थांबव."

"काय झालं?"

"माती मी घातली होती."

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"तिला न विचारता घातली. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, हिला काय कळतंय." आबांनी मुरमाच्या ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "आता इथे मुरूम पडणार नाही. यंत्र तुझ्या दारात उभं कर. जमीन अजून माझ्या नावावर आहे."

"मग हे काल सांगायचं होतं!" थोरला उसळला. "दोन खेपा वाया. लोकांत माझी शोभा."

"तुमची शोभा?" तिच्या तोंडून निघून गेलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी सरळ बोलली होती. थोरला दचकला. पण तिला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. ती आबांकडे वळली. "काल का नाही बोललात, आबा? तो मला लहान पोरासारखं बोलत होता. तुम्ही तिथेच उभे होतात."

आबांनी कठड्याचा आधार घेतला.

"तू 'मी' म्हणालीस," ते म्हणाले. "मला वाटलं, सुटलो."

खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. तिने घमेलं उचललं आणि तिसऱ्या टाकीत उतरली. ट्रॅक्टरवाला भरली ट्रॉली वळवून घेऊन गेला. थोरला उभाच राहिला, जावं की थांबावं ते त्याला ठरवता येईना.

थोड्या वेळाने आबा धोतर खोचून पाण्यात उतरले. तिने या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. दोघं समोरासमोर वाकून काम करत राहिली. ऊन चढलं. मोडक्या खांबामुळे जाळी एका बाजूला लोंबत होती आणि आबांच्या पाठीवर उन्हाचा पट्टा पडला होता. तिने चिखल उपसून काढला, खडी धुऊन पुन्हा पसरली. आबांनी घमेल्यातला एक तुकडा उचलला. एकच पान, खाली केसाएवढं मूळ. त्यांनी ते मूळ खडीत रोवलं, गाठ वर ठेवली. बरोबर ठेवली. आणि मग त्यांचा अंगठा, साठ वर्षांची सवय लागलेला, आपसूक पुढे गेला आणि बाजूची खडी गाठीवर सारू लागला.

तिने फाटकन त्यांच्या हातावर चापट मारली.

आवाज मोठा झाला. थोरल्याने तोंड उघडलं. सुनेने सासऱ्यावर हात उचलला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. ती स्वतःही घाबरली, पण हात मागे घेतला नाही, तो तसाच आबांच्या हातावर राहिला. चापटीने तिची कोवळी कातडी पुन्हा फाटली होती आणि बोटांच्या बेचक्यातून रक्त येत होतं.

"काय चाललंय हे!" थोरला पुढे आला.

"तू जा," आबा त्याला म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. बोटाने गाठीवरची खडी एकेक दाणा करून बाजूला केली, आणि दुसरा तुकडा घ्यायला तिच्यापुढे तळहात पसरला.